माउरित्सिओ आर्चिएरी : पंकच्या इतिहासातील नकोसा पूर्वज

१/ जून १९६५. बीटल्स इटलीच्या दौऱ्यावर आले, तेव्हा त्यांच्याआधी रंगमंचावर गाणाऱ्यांत मिलानचा 'न्यू दादा' हा गट होता. त्याचा देखणा गायक म्हणजे माउरित्सिओ आर्चिएरी. १९६८ मध्ये 'चिंक्वे मिनुती ए पोई' या हळव्या गीताने तो एकटाही गाजला.

२/ हाच गायक १९७७ मध्ये पत्नी क्रिस्तिना मोझरसह 'क्रिस्मा' या नावाने पंकमध्ये अवतरला. वय तिशीपलीकडचे. साहजिकच संधिसाधूपणाचा शिक्का बसला. इटालियन पंकची कुळकथा बहुधा बोलोन्यापासून, तेथील विद्यार्थ्यांच्या असंतोषापासून सांगितली जाते. तीत या जुन्या ताऱ्याला जागा सापडत नाही.

३/ ही कुळकथा अपुरी आहे. 'चायनीज रेस्टॉरंट' (१९७७) हा आल्बम ऐकावा. पंकचा उद्धटपणा आहेच. सोबत सिंथेसायझरचा थंड, यांत्रिक नादही आहे. निर्माता निको पापाथानासिऊ, म्हणजे वांगेलिसचा भाऊ. १९८० च्या 'कॅथोड मामा'मध्ये सिंथेसायझर वाजवणाऱ्या तरुणाचे नाव होते हान्स झिमर!

४/ केवळ लाटेवर स्वार होणारा माणूस रुळलेला साचा उचलतो. आर्चिएरीने पंक आणि इलेक्ट्रॉनिक संगीत यांची सांगड इटलीत फार लवकर घातली.

५/ 'तो अस्सल पंक होता का?' हा प्रश्न चाहत्यांनी खुशाल विचारावा. इतिहासाच्या अभ्यासकाने मात्र त्याच्या हातून नवे काय घडले, हे आधी तपासावे. वय आणि पूर्वायुष्य पाहून पूर्वज वगळले, तर २०१५ मध्ये निवर्तलेल्या या कलावंताबरोबर इटालियन इलेक्ट्रॉनिक संगीताचा एक आरंभबिंदूही आपण गमावतो.