आयपीओची व्हीआयपी रांग

घोडपदेवहून लालबाग म्हणजे चालत जायचं अंतर. गणपतीत नवसाच्या रांगेत अख्खी रात्र काढलेली माणसं आमच्याकडे घरोघरी सापडतील. आणि बाजूच्या दारातून पास दाखवून पाच मिनिटांत पाया पडून जाणारेही आपण सगळ्यांनी पाहिलेत.

तर मंडळी, एखादी बडी कंपनी इंटरनेट स्टार्टअपमध्ये आयपीओच्या सहा-आठ महिने आधी पैसे टाकते आणि वर 'आम्ही अचूक वेळ साधली' म्हणते, तेव्हा मला तो पास आठवतो. यात कसली आलीय दूरदृष्टी? रिलीजच्या रात्री टीममध्ये येऊन सकाळी 'आपण करून दाखवलं' अशी मेल टाकणारा मॅनेजर आणि हे, दोघे एकाच माळेचे मणी.

वेळ साधणं कशाला म्हणतात ते नोकरी डॉट कॉमवाल्या इन्फो एजकडे बघा. 2010 साली त्यांनी झोमॅटोत सुमारे 4.7 कोटी टाकले. तेव्हा ती हॉटेलांची मेन्यूकार्डं नेटवर चढवणारी एक वेबसाइट होती, बस्स. आयपीओ आला जुलै 2021 मध्ये. त्यात इन्फो एजने 375 कोटींचे शेअर विकले, बाकीचे ठेवले. अकरा वर्षं रांगेत!

आता दुसरी बाजू. नोटाबंदीनंतर पेटीएम पानवाल्यापर्यंत पोचलं आणि मग 2018 साली वॉरन बफेटची बर्कशायर आत शिरली. नोव्हेंबर 2021 मध्ये 2150 रुपयांचा शेअर पहिल्याच दिवशी 27 टक्के आपटला. 2023 मध्ये बर्कशायर तोटा सोसून बाहेर. आयपीओच्या तीन वर्षं आधी येऊन बफेटची ही गत, मग सहा महिने आधी येणाऱ्यांचं काय सांगावं?

कोणी म्हणेल, लवकर टाकलेले पैसेही बुडतात. बुडतातच! याच इन्फो एजने फोर-बी नेटवर्क्समधले 276 कोटी 2022-23 मध्ये बुडीत दाखवले. रात्रभर उभं राहिलं म्हणून देव पावतोच असं नाही. पण लवकर येणारा थोडक्यात सुरुवात करू शकतो, धंदा समजून घेत पुढे जाऊ शकतो. उशिरा येणारा पहिल्याच दिवशी फुगलेला भाव मोजतो, तोही भागधारकांच्या, म्हणजे तुमच्या-माझ्या एसआयपीच्या पैशांतून. त्यात सेबीने 2021 साली अशा गुंतवणूकदारांचा लॉक-इन वर्षावरून सहा महिन्यांवर आणायचं ठरवलं. म्हणजे दर्शन झालं की मागच्या दारानं पसार.

असो. पुढच्या वेळी तुमच्याकडे शेअर असलेल्या कंपनीने अशी 'स्ट्रॅटेजिक' गुंतवणूक जाहीर केली, तर एजीएममध्ये एकच विचारा: साहेब, रांगेत कुठल्या साली उभे राहिलात?