घोट घोट चहा : बिस्किटाचा वास

स्पेक्युलास हे डच लोकांचे बिस्किट. ५ डिसेंबरला, सिंटरक्लासच्या संध्याकाळी, तिकडे ते घरोघर खातात. यंदा हॉलंडहून भाचीने त्याच वासाचा चहा धाडला. दालचिनी, लवंग, जायफळ, सुंठ... सगळा आपल्याच डब्यातला मसाला! वेंगुर्ल्याच्या डच वखारीचे पडके अवशेष ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हे नाते सांगायला नको. जायफळाला मात्र रक्ताचा डाग आहे. त्याच्या मक्तेदारीपायी १६२१ साली डचांनी इंडोनेशियातल्या बांदा बेटांवर (आपले सावंतवाडीजवळचे नव्हे) कत्तल केली.

असो. हा चहा उकळू नका, बरे का! आधणाचे पाणी ओतून चारच मिनिटे झाकून ठेवा. दुधाने वास बुजतो. गंमत अशी, की नाकाला गोडाचे आश्वासन मिळते आणि जिभेवर येतो तुरटपणा. जराशी साखर पडली, की मग कुठे बिस्किट जिभेवर उतरते.

आमच्या माईंना साखर वर्ज्य. दिवाळीत फराळाच्या ताटापासून त्या चार हात दूर बसतात. त्यांनी कोराच कप हाती घेतला, डोळे मिटून बराच वेळ नुसता वास घेतला आणि म्हणाल्या, "चव काढ्याची आहे रे. पण आणखी अर्धा कप दे."