तपासणी फाइलींची की बालसंरक्षणाची?



आपल्यापैकी बरेच जण इंग्लंडमधल्या शाळांच्या गव्हर्नर मंडळांवर आहेत. कुणी जीपी आहेत, कुणी बालरोगतज्ज्ञ, कुणी कौन्सिलच्या किंवा पोलिसांच्या संगणक यंत्रणा सांभाळतात. या सर्वांच्या कानावर अधूनमधून एक वाक्य येते : "जॉइंट इन्स्पेक्शन कधीही लागू शकते, तयारीला लागा." मग तयारी सुरू होते. धोरणांच्या कागदांवरच्या तारखा बदलतात. प्रशिक्षणाची प्रमाणपत्रे फाइलीत लागतात. सिंगल सेंट्रल रेकॉर्डमधले रिकामे रकाने भरले जातात. सल्लागार बोलावून रंगीत तालीम होते आणि कुठल्या प्रश्नाला काय उत्तर द्यायचे ते शिक्षकांकडून घोकून घेतले जाते.

माझे म्हणणे स्पष्ट आहे. ही तयारी नुसती निरुपयोगी नाही, ती घातक आहे. कारण तिच्यामुळे सर्वांना वाटते की मुले सुरक्षित आहेत, आणि प्रत्यक्षात सुरक्षित झालेल्या असतात त्या फाइली.

आधी हे इन्स्पेक्शन काय असते ते थोडक्यात. २०१६ पासून इंग्लंडमध्ये 'जॉइंट टार्गेटेड एरिया इन्स्पेक्शन' होते. कायद्याचा आधार चिल्ड्रन ॲक्ट २००४ चा. ऑफस्टेड, आरोग्यसेवा तपासणारे केअर क्वालिटी कमिशन, पोलिसांची तपासणी करणारे निरीक्षक आणि विषयानुसार प्रोबेशनचे निरीक्षक असे सगळे मिळून एका भागात येतात. ते एका शाळेला किंवा एका खात्याला गुण देत नाहीत. मोजक्या मुलांच्या केसेस घेऊन त्या मुलाची वाट सुरुवातीपासून तपासतात : शाळेने काय पाहिले, कुणाला कळवले, पोलिसांनी काय केले, दवाखान्यात काय नोंदले गेले, आणि या चौघांना एकमेकांचे काय ठाऊक होते. आजवर लैंगिक शोषण, घरगुती हिंसा, हेळसांड, कुटुंबातले लैंगिक अत्याचार, मुलांचे मानसिक आरोग्य, किशोरवयीनांमधली गंभीर हिंसा असे विषय घेतले गेले. अखेरीस श्रेणी मिळत नाही, पत्र मिळते, आणि दोष गंभीर असतील तर काय करणार ते त्या भागाला लेखी द्यावे लागते.

कल्पना चांगली आहे. ती सुचायला मात्र मुलांना मरावे लागले. फेब्रुवारी २००० मध्ये लंडनमध्ये आठ वर्षांची व्हिक्टोरिया क्लिंबी छळाने मेली. समाजसेवा, पोलीस, दवाखाने, घरकुल विभाग या सगळ्यांनी तिला पाहिले होते. लॉर्ड लेमिंग यांच्या २००३ च्या अहवालाने तिला वाचवता आले असते असे १२ प्रसंग मोजून दाखवले. ती इंग्लंडमध्ये जवळजवळ वर्षभर होती आणि कुठल्याही शाळेत तिचे नाव नव्हते, ही गोष्टही कुणाला खटकली नाही. त्या अहवालानंतर २००४ चा कायदा झाला आणि एकत्रित तपासण्या सुरू झाल्या.

पुढे काय झाले? ऑगस्ट २००७ मध्ये त्याच हॅरिंगेमध्ये १७ महिन्यांचा पीटर कॉनेली मेला. वेगवेगळ्या खात्यांच्या माणसांनी त्याला सुमारे ६० वेळा पाहिले होते. आणि त्याच वर्षीच्या वार्षिक मूल्यमापनात हॅरिंगेच्या बालसेवांना ऑफस्टेडने 'गुड' दिले होते! ते मूल्यमापन मुख्यतः कौन्सिलने स्वतः पाठवलेल्या आकड्यांवर झाले होते. प्रकरण चव्हाट्यावर आल्यावर २००८ च्या अखेरीस तातडीची एकत्रित तपासणी झाली, आणि त्याच सेवा अत्यंत निकृष्ट ठरल्या. मूल तेच, खाते तेच. बदलले एवढेच की या वेळी कुणीतरी कागदाच्या मागे पाहिले.

आपण बहुतेक जण शास्त्र किंवा तंत्रज्ञान शिकलेले. मोजमापाचा साधा नियम आपल्याला ठाऊक आहे. ज्या नमुन्याला आधी कळते की आपली तपासणी होणार आहे आणि जो स्वतःचे वाचन स्वतःच भरतो, त्याच्यावरून निष्कर्ष काढायचा नसतो. अर्थशास्त्रज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ मध्ये मांडलेला मुद्दा हाच : मापालाच उद्दिष्ट केले की माप बिघडते. प्रयोगशाळेत आपण हे खपवून घेणार नाही. मग शाळेच्या गव्हर्नर मंडळात बसल्यावर आपली चिकित्सक बुद्धी कुठे जाते? तिथे हिरवा, पिवळा, लाल असा तक्ता पडद्यावर येतो, बहुतेक रकाने हिरवे असतात, आणि आपण मान डोलावून चहाला उठतो.

यावर काही मंडळी म्हणतील, मग तपासणीच बंद करा. हा आक्षेप हलका नाही. जानेवारी २०२३ मध्ये रेडिंगमधल्या मुख्याध्यापिका रुथ पेरी यांनी आत्महत्या केली. त्यांच्या शाळेची श्रेणी संरक्षणविषयक त्रुटींवरून थेट तळाला गेली होती, आणि त्या मृत्यूला इन्स्पेक्शनचाही हातभार लागला असा निष्कर्ष डिसेंबर २०२३ मध्ये कॉरोनरने काढला. एका शब्दात शाळेची लायकी ठरवणे क्रूर होते आणि अशास्त्रीयही. सप्टेंबर २०२४ मध्ये सरकारी शाळांसाठी ती पद्धत रद्द झाली, ते योग्यच झाले. पण तो एक शब्द हवा कुणाला होता? 'आउटस्टँडिंग' शाळेच्या हद्दीत घर मिळावे म्हणून वाढीव किंमत मोजणाऱ्यांत आपली माणसे मागे नव्हती. शाळेची श्रेणी पाठ असलेल्या किती पालकांना तिथल्या डेझिग्नेटेड सेफगार्डिंग लीडचे नाव ठाऊक असते?

तरीही एकत्रित तपासणी हवीच, कारण मूल जिथून निसटते ती जागा एका खात्याच्या आत नसते, दोन खात्यांच्या मधे असते. सोलिहलमध्ये जून २०२० मध्ये सहा वर्षांच्या आर्थर लबिंजो-ह्यूजचा खून झाला. २०२२ च्या आरंभी तिथे एकत्रित तपासणी झाली तेव्हा दिसले की धोक्याची पहिली चाचपणी व्हायलाच कित्येक मुलांना फार वाट पाहावी लागते, आणि तोवर त्यांना घरात काय सोसावे लागते हे कुणालाच ठाऊक नसते. प्रत्येक खाते वेगळे तपासले असते तर हे असे उघड झाले नसते.

मग खरी तयारी कोणती? ती वर्षभर, साध्या मंगळवारी दुपारी करायची असते. गव्हर्नरांनी "रेकॉर्ड पूर्ण आहे का?" एवढेच विचारून थांबू नये. "शिक्षकांनी कळवलेल्या शेवटच्या पाच काळज्यांचे पुढे काय झाले? कौन्सिलने नकार दिला तेव्हा आपण पुन्हा फोन केला का?" असे विचारावे. जीपी मंडळींनी अपॉइंटमेंट चुकवलेल्या मुलाच्या नावापुढे 'आला नाही' लिहू नये. पाच वर्षांचे मूल स्वतः येत नसते, त्याला 'आणले गेले नाही' असे असते, आणि शब्द बदलला की पुढचा प्रश्न आपोआप सुचतो. भाषेची अडचण असलेल्या घरात नात्यातल्या वा ओळखीतल्या माणसाला दुभाषी म्हणून बसवू नये. आणि शाळा, पोलीस, दवाखाना यांनी वर्षातून काही वेळा एकेका मुलाची केस एकत्र बसून वाचावी, इन्स्पेक्टर येणार नसले तरी. २०१७ च्या कायद्याने कौन्सिल, आरोग्यसेवा आणि पोलीस असे तीन भागीदार नेमले, शाळेला त्यात बरोबरीचे स्थान दिले नाही. जिथे मूल दिवसाचे सहा तास असते त्याच जागेला बाहेर ठेवणे ही त्या कायद्याची मोठी चूक होती.

आता आपल्या घराकडे वळू या, कारण ज्या जागी कुठलेच इन्स्पेक्शन पोचत नाही अशी एक जागा आपणच चालवतो. शनिवार-रविवारचे मराठी वर्ग, ढोल-ताशाची पथके, नाच-गाण्याच्या शिकवण्या, गणपतीतल्या मुलांच्या कार्यक्रमांच्या तालमी. अशा वर्गांना सहसा ऑफस्टेडची नोंदणी लागत नाही. सरकारची मार्गदर्शक तत्त्वे आहेत, ती ऐच्छिक. विश्वासाच्या पदाचा गैरवापर करणाऱ्यांविषयीचा कायदा २०२२ मध्ये वाढवला गेला तोही खेळ आणि धर्म या दोन क्षेत्रांपुरता. म्हणजे आपली सगळी भिस्त 'आपलीच माणसे आहेत' या वाक्यावर.

हे वाक्य किती पोकळ आहे ते पाहा. भारत सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातल्या ५३.२२ टक्के मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक अत्याचार सोसल्याचे सांगितले होते. विमानात बसल्याने हे मागे राहते असे मानायला काही आधार आहे का? भारतात पॉक्सो कायद्याने २०१२ पासून असा गुन्हा कळवणे सक्तीचे आहे. तरी ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापुरात चिमुरड्या मुलींच्या पालकांना तक्रार नोंदवण्यासाठी तासन्‌तास ताटकळावे लागले. कायदा कागदावर होताच.

इथे आपण दुहेरी गप्प असतो. समाज 'घरचे घरात' म्हणून गप्प, आणि गोरे अधिकारी आपल्याला कुणी वंशवादी म्हणेल या धास्तीने गप्प. बाल लैंगिक अत्याचारांच्या स्वतंत्र चौकशी आयोगाने २०२० मध्ये अल्पसंख्य समाजांवर काढलेल्या अहवालाचे शीर्षकच होते 'लोक याबद्दल बोलत नाहीत'. मार्च २०२५ मध्ये राष्ट्रीय परीक्षण पॅनलने कृष्णवर्णीय, आशियाई व मिश्रवंशीय अशा ५३ मुलांची प्रकरणे तपासली आणि वंशाच्या प्रश्नावर तीच शांतता आढळली. वोकिंगची दहा वर्षांची सारा शरीफ आठवा. मार्च २०२३ मध्ये शाळेने तिच्या अंगावरचे वळ पाहून कळवले, काही दिवसांत प्रकरण बंद झाले, एप्रिलमध्ये तिला शाळेतून काढले गेले, ऑगस्टमध्ये ती मेली. शाळेने कळवले होते. पुढची साखळी तुटली.

"सोशल सर्व्हिसेसला कळवले तर मूल काढून नेतात" ही आपल्या पार्ट्यांमधली लाडकी भीती. आकडे पाहा. इंग्लंडमध्ये वर्षाला सहा लाखांहून अधिक वेळा मुलांविषयी कळवले जाते. संरक्षण योजनेखाली असलेली मुले मार्च २०२४ अखेर सुमारे ५० हजार, आणि संरक्षण योजना म्हणजे मूल काढून नेणे नव्हे. या भीतीमुळे किती जण गप्प बसतात याचा आकडा मात्र कुठेच मिळत नाही.

म्हणून मागणी साधी आहे. या वर्षीच्या सर्वसाधारण सभेत प्रत्येक महाराष्ट्र मंडळाने आणि मराठी वर्गाने तीन ठराव करावेत. एक, मुलांच्या संरक्षणासाठी एक नावानिशी जबाबदार व्यक्ती, जी अध्यक्षांची नातेवाईक नसेल. दोन, तक्रार आली तर ती समितीने 'मिटवायची' नाही, कौन्सिलला किंवा पोलिसांना त्याच दिवशी कळवायची, मग ज्याच्याविषयी आहे तो कितीही मोठा देणगीदार असो. तीन, वर्गाच्या भिंतीवर मुलांना वाचता येईल अशा अक्षरांत चाइल्डलाइनचा नंबर : ०८०० ११११. पैसे लागत नाहीत, सल्लागार लागत नाही.

जे मंडळ हे करायला तयार नसेल त्याला कारण विचारा, आणि ते कारण सभेच्या इतिवृत्तात लिहून घ्या.