जामीनदारालाही वकील हवा

जामिनाचा आदेश झाला की आपणा वकिलांचे सारे लक्ष सुटकेकडे लागते. सातबारा जोडला, तहसीलदाराचा ऐपतीचा दाखला लागला, जामीनपत्रावर सही झाली, आरोपी घरी गेला. सही करणाऱ्याशी मात्र कोणी दोन मिनिटे बोलत नाही. बोरी अरबसारख्या गावातून दारव्ह्याच्या कोर्टात जामीनदार म्हणून येतो तो बहुधा आरोपीचा भाऊ, मेहुणा किंवा शेजारच्या वावराचा धनी. आपण फक्त ओळख द्यायला आलो, अशी त्याची समजूत असते. प्रत्यक्षात तो शासनाला लिहून देत असतो की, हा माणूस प्रत्येक पेशीला हजर राहील आणि न राहिल्यास ठरलेली रक्कम मी भरीन.

आरोपी गैरहजर राहिला, वॉरंट निघाले, की या सहीची किंमत कळते. १ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४४६ची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४९१ने घेतली. क्रम तोच राहिला. न्यायालयाने आधी बंधपत्राचा भंग झाल्याची खात्री कारणांसह नोंदवायची, मग जामीनदाराला रक्कम भर किंवा कारण दाखव अशी नोटीस द्यायची. कारण पुरेसे वाटले नाही आणि पैसेही भरले नाहीत, तरच दंडाप्रमाणे वसुली. त्यात जंगम मालमत्तेची जप्ती येते, जिल्हाधिकाऱ्यांमार्फत जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली येते. त्यातूनही रक्कम निघाली नाही तर जामीनदाराला सहा महिन्यांपर्यंत दिवाणी कैद होऊ शकते. नोटिशीची पायरी गाळता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने गुलाम मेहदी प्रकरणात १९६० सालीच सांगितले आहे. तरी नोटीस आलेला शेतकरी एकटाच कोर्टात उभा राहतो, कारण आपले वकीलपत्र आरोपीचे असते. मला हे सर्वांत जास्त खटकते.

त्याच्या बाजूने कायद्यात पुष्कळ आहे. आरोपी नंतर हजर झाला म्हणून जबाबदारी आपोआप पुसली जात नाही. पण त्याला शोधून आणायला जामीनदाराने काय धडपड केली, गैरहजेरी आजारपणाची होती की पळ काढल्याची, त्याची स्वतःची ऐपत किती, हे मांडले तर न्यायालय कारणे नोंदवून रकमेचा काही भाग माफ करू शकते. आरोपीचे लक्षण ठीक दिसत नसेल तर कलम ४८९खाली अर्ज करून जामीनकीतून आधीच मोकळे होता येते. हा अर्ज वेळेत झाला असता तर वाचली असती अशी वावरे थोडी नाहीत. बंधपत्र जप्त होण्यापूर्वी जामीनदार वारला तर त्याची मालमत्ता त्या बंधपत्रापुरती मुक्त होते. वारसांनी घाबरून पैसे भरू नयेत. आदेश प्रतिकूल गेला तर कलम ४९५खाली अपील आहे.

रकमेबाबतही आपण पुरेसे भांडत नाही. ती अवाजवी नसावी, हे कलम ४८४ सांगते. मोती राम प्रकरणात (१९७८) मध्य प्रदेशातील एका गवंड्याकडे दहा हजारांचा जामीन मागितला गेला आणि भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून तो जामीनदार नाकारला गेला. न्या. कृष्ण अय्यर यांनी ही अट चुकीची ठरवली आणि रक्कम एक हजारावर आणली. बोरी अरबचा मजूर पुण्यात अडकला तर त्याला तिथला सातबारावाला कुठून मिळणार? खोट्या कागदपत्रांवर उभ्या राहणाऱ्या धंदेवाईक जामीनदारांची न्यायालयांना वाटणारी धास्ती खरी आहे, पण त्यासाठी कलम ४८६चे घोषणापत्र आहे. ३१ जानेवारी २०२३च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने स्थानिक जामीनदाराचा आग्रह टाळण्यास सांगितले आहे. जामीन मिळूनही महिनाभरात बंधपत्र देता आले नाही, तर न्यायालयाने आपणहून अटी सैल करण्याचा विचार करावा, असेही त्यात आहे. हा आदेश अर्जासोबत जोडत चला.

आणि सहीपूर्वी जामीनपत्र मराठीतून वाचून दाखवा. पुढच्या पेशीची तारीख आरोपीसोबत जामीनदारालाही कळवा, त्याचा फोन नंबर फाईलवर लिहून ठेवा. आरोपीच्या हजेरी माफीचा अर्ज द्यायचा राहिला तर त्याची झळ जामीनदाराच्याच वावराला लागते.