झिजलेले दात आणि मिश्रीची डबी

साठी उलटलेल्या माणसाचे दात झिजले की घरचे म्हणतात, ‘वय झालं, चालायचंच.’ वयाचा वाटा असतोच, पण सगळा दोष त्याच्या माथी मारता येत नाही. दातावरचे एनॅमल हा शरीरातील सर्वांत कठीण पदार्थ. मात्र मोडलेले हाड जुळते, झिजलेले एनॅमल पुन्हा येत नाही.

राख, कोळसा, जाडे मीठ यांनी वर्षानुवर्षे दात घासले की झीज होणारच. त्यात मिश्रीची भर. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. दात घासायला म्हणून सुरू होते आणि मग तलफ येईल तेव्हा बोट डबीत जाते. हिरड्या खराब होतात, तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. गंमत अशी, की ‘तंबाखू खाता का?’ या प्रश्नाला आजीबाई ठामपणे ‘नाही’ म्हणतात. मिश्रीचे वेगळे विचारावे लागते.

एनॅमलखालचा पिवळसर थर उघडा पडला की गार-गरम झोंबते. मग शेंगदाणे, हरभरे, काकडी सुटते. भाकरी चहात बुडते आणि शेवटी चहा-बिस्किटावर भागते. अशक्तपणासाठी टॉनिक मागितले जाते, तोंडात कुणी डोकावत नाही.

मऊ ब्रश, फ्लोराइडची पेस्ट, आंबट खाल्ल्यावर चूळ भरून अर्धा तास थांबून दात घासणे, एवढ्याने पुढची झीज बरीच आटोक्यात राहते. ज्येष्ठांच्या केसपेपरवर रक्तदाब आणि साखरेची नोंद होते. तिथेच दातांची आणि मिश्रीचीही एक ओळ असायला हवी.