गेटवरून परत पाठवले तर…

रांजणगाव किंवा कुरकुंभच्या एमआयडीसीत सकाळी गेटवर अडवतात, "उद्यापासून येऊ नको" म्हणतात, आणि संध्याकाळी घरात वकिलाच्या फीसाठी दागिना गहाण टाकायची बोलणी सुरू होतात. बंधू-भगिनींनो, आम्ही म्हणतो, जरा थांबा.

राजीनाम्यावर सही करू नका. ओळखपत्र, पगाराची स्लिप, पीएफ नंबर, ठेकेदाराचे नाव जपून ठेवा. आधी कामगार आयुक्तांच्या कार्यालयात समेट अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज द्या. समेटाच्या बैठकीत वकिलाला उभे राहता येत नाही. आपण किंवा युनियनचा पदाधिकारी बोलतो. ४५ दिवसांत तोड निघाली नाही, तर न्यायाधिकरणाकडे जाता येते. पूर्वी वाद उपस्थित करण्यासाठी तीन वर्षे होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या संहितेत दोनच आहेत.

वकील लागतो तो येथे. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे अनुसूचित जातीची व्यक्ती, स्त्री आणि कारखान्यातील कामगार यांना मोफत वकील मागता येतो. धर्मांतरित बौद्धांना अनुसूचित जातीचा हक्क १९९० पासून आहे. शिरूर व दौंडच्या न्यायालयात तालुका विधी सेवा समितीकडे चौकशी करा, किंवा १५१०० वर फोन लावा.

खासगी वकील केलाच, तर कामगारांचे दावे चालवले आहेत का ते विचारा, फी लिहून घ्या, पावती मागा. जिंकलेल्या रकमेत हिस्सा मागण्यास वकिलाला नियमाने मनाई आहे.

दागिना पेटीतच राहू द्या. अर्ज मात्र उद्याच करा. जयभीम!