आधी जाणावे, मग जपावे

भगवान महावीरांच्या दर्शनास निघालेला एक बेडूक राजा श्रेणिकाच्या लवाजम्यात चिरडला गेला आणि शुभ भावाच्या बळावर देवगतीस पोहोचला, ही कथा आपल्या घराघरांत सांगितली जाते. पूर्वभवी तो एक श्रेष्ठी होता, हे आपल्या व्यापारी कुळांनी विशेष ध्यानात ठेवावे.

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात अ‍ॅमहर्स्ट येथे अशाच जीवांसाठी १९८७ साली रस्त्याखालून दोन छोटे बोगदे बांधले गेले. काळ्या देहावर पिवळे ठिपके असलेला सॅलमँडर हा तेथील उभयचर प्राणी वर्षाचा बहुतेक काळ जंगलात जमिनीखाली राहतो. हिवाळा सरताच पावसाळी रात्री तो अंडी घालण्यासाठी डबक्यांकडे निघतो. ही डबकी उन्हाळ्यात आटतात. त्यामुळे त्यांत मासे नसतात आणि अंडी वाचतात. आत ओलावा राहावा म्हणून बोगद्यांच्या छताला फटी ठेवल्या आहेत. त्या परिसरातील अनेक गावांत स्वयंसेवक विजेऱ्या घेऊन जागतात, या जीवांना हातांनी रस्ता पार करवतात आणि त्यांची मोजदादही करतात. ही ईर्यासमितीच नव्हे काय?

संशोधन म्हटले की चिरफाडीचे चित्र डोळ्यांपुढे येते. परंतु मोजणे, आवाज ऐकून नोंदणे, वाटा ओळखणे हेही संशोधनच होय. कॅलिफोर्नियात तर १९८८च्या कायद्याने विद्यार्थ्याला प्राण्याची चिरफाड नाकारण्याचा हक्क दिला आहे.

याउलट, ज्ञानावाचूनची दया घातक ठरू शकते. मिसिसिपी खोऱ्यातील लाल कानाचे कासव आपल्याकडेही बाजारात विकले जाते. ते मोठे झाले, की कोणी पुण्य समजून तलावात सोडतो. मग अन्न आणि जागा यांवरून ते देशी कासवांना मागे रेटते. एका जीवास दिलेले अभय दुसऱ्यावर संकट होऊन येते. आपल्या आगमांनी ज्ञानास दयेच्या आधी स्थान दिले, ते उगाच नव्हे.

जीवदया खात्यातून पांजरपोळास मिळणारा वाटा अबाधित राहो. त्यासोबत, जीवास इजा न करणाऱ्या अभ्यासासाठी आणि शालेय शिक्षणासाठीही थोडी रक्कम काढावी. अमेरिकेत स्थिरावलेल्या आपल्या मुलांनी तेथील अशा कार्यास द्रव्य द्यावे, आणि वसंतातील एखादी पावसाळी रात्रही द्यावी. त्यात अभयदान आणि ज्ञानदान दोन्ही एकत्र घडतात.

जय जिनेंद्र.